वर्षभर वापरल्यानंतर काय म्हणाल? ठाणे-नवी मुंबईकरांचे खरेदीचे अनुभव

नौपाडा, ठाणे
मागच्या दिवाळीत घरचा मिक्सर बदलायचे ठरले, तेव्हा मी इतर ग्राहकांचे अभिप्राय वाचायला बसले. पन्नासएक वाचून झाल्यावर लक्षात आले की त्यांतले बहुतेक खोके उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले आहेत. रंग छान आहे आणि वस्तू वेळेत पोहोचली, एवढेच त्यांतून कळते. सुके खोबरे बारीक होते की नाही, हे मात्र कळत नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले आणि अभिप्राय देणारी व्यक्ती खरी आहे की नाही हे पडताळण्याची गरज त्यात मांडली. तरीही खऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी दिलेल्या मताचा घेणाऱ्याला फारसा उपयोग होत नाही. म्हणून विनंती अशी, की किमान वर्षभर वापरलेल्या वस्तूविषयी लिहावे आणि घरात माणसे किती, पाणी कुठले, वापर रोजचा की सणावाराचा, हेही सांगावे. पुस्तकांविषयी लिहिले तरी चालेल.

सुरुवात मीच करते. आमचा मिक्सर ७५० वॅटचा आहे, घरात चार माणसे आहेत, वाटण रोजचे आहे आणि आठवड्यातून दोनदा इडली-डोशाचे पीठ होते. ओले वाटण उत्तम होते. शेंगदाण्याचे कूट मात्र लहान भांड्यातच करावे लागते, कारण मोठ्या भांड्यात अर्धे दाणे पात्याखाली तसेच राहतात. आठव्या महिन्यात भांडे बसवले की नुसती घरघर ऐकू येई, पाते फिरत नसे आणि जळक्या रबराचा वास येई. उलटे करून पाहिले तर खालच्या कपलरचे, म्हणजे भांडे मोटरला जोडणाऱ्या चकतीचे, दाते झिजून गुळगुळीत झाले होते. जांभळी नाक्यावरच्या दुकानात तो लगेच बदलून मिळाला. भांडे पुरते न बसवता बटण फिरवले की दाते असेच झिजतात, असे त्या दुकानदारांनी मला दाखवून दिले. त्याआधी एकदा मिक्सर अचानक बंद पडला होता, तेव्हा कंपनीकडून आलेल्या कारागिराने भेटीचे ३५० रुपये घेतले आणि बुडाशी असलेले लाल बटण दाबले. भार जास्त झाला की ते बटण आपोआप बाहेर येते आणि मोटर वाचते. ही माहिती विकतानाच द्यायला हवी होती, असे मला आजही वाटते.

नेरूळ
पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राविषयी लिहितो. सहा वर्षांपूर्वी घरी आलेल्या विक्रेत्याने दोन पेले मांडले, एकात आमच्या नळाचे पाणी आणि दुसऱ्यात आरओचे, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या सळ्या बुडवून त्याने विजेचा प्रवाह सोडला. मिनिटभरात नळाचे पाणी गढूळ तपकिरी झाले आणि आरओचे तसेच राहिले. माझी आई घाबरली आणि आम्ही त्याच दिवशी १७,००० रुपयांचे यंत्र घेतले. तो तपकिरी रंग लोखंडी सळीच्या गंजाचा असतो, हे मला पुढे एका रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी समजावले. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते आणि सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे तिथे काहीच घडत नाही. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, याच्याशी या प्रयोगाचा काही संबंध नाही.

त्यानंतर मी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे मीटर आणले. आमच्याकडे महापालिकेचे, म्हणजे खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी येते. नळाच्या पाण्याचा आकडा लिटरला ७४ मिलिग्रॅम आला आणि यंत्रातून आलेल्या पाण्याचा ११. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे जे पाणी मुळातच मर्यादेच्या कितीतरी खाली होते, त्यातले क्षार काढण्यासाठी आम्ही वर्षाला फिल्टर आणि मेम्ब्रेनवर खर्च करत होतो. शिवाय एक हंडा भरताना दोनेक हंडे पाणी मोरीत जात होते. मागच्या वर्षी ते यंत्र काढले आणि जंतूंसाठी साधे यूव्हीचे, म्हणजे अतिनील किरणांचे, यंत्र बसवले. त्यात पाणी वाया जात नाही आणि चवीत घरच्यांना फरक जाणवला नाही. यंत्र वाईट होते असे मी म्हणणार नाही. आमच्या नळाला त्याची गरज नव्हती आणि ते विकणाऱ्याला माहीत असणार, याचे दुःख आहे.

घोडबंदर रोड, ठाणे
वरील अनुभव वाचून राहवले नाही. आमच्या संकुलात मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत टँकर आणि बोअरचे पाणी येते आणि त्या दिवसांत माझ्या टीडीएस मीटरवर ७०० च्या पुढचा आकडा दिसतो. इथे आरओशिवाय चहाचीसुद्धा चव बिघडते. तेव्हा यंत्र घेण्याआधी आपल्याच नळाचे पाणी आणि तेही उन्हाळ्यात मोजून पाहावे, एवढीच पुस्ती जोडतो. वॉशिंग मशीनचेही तेच आहे. पाणी येण्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती आमच्याकडे दर दोन महिन्यांनी गाळाने भरते आणि मशीन पाणी घेत नाही. ती काढून जुन्या टूथब्रशने धुतली की काम भागते.

ऐरोली
दोन वर्षांपूर्वी तीन खोल्यांत बीएलडीसी मोटरचे, म्हणजे कमी विजेवर चालणारे, पंखे बसवले. जुना पंखा ७५ वॅट घेत होता, हा पूर्ण वेगात ३० वॅट घेतो. दिवसाला बारा तास तिन्ही पंखे चालले तर महिन्याला साधारण ४८ युनिटे वाचतात आणि उन्हाळ्याच्या बिलात तो फरक आम्हाला स्पष्ट दिसला. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र काढून टाकावा लागतो, हे आम्हाला पंखा गुरगुरायला लागल्यावर कळले. वृद्ध आई-वडिलांना रिमोट जड जातो, त्यांच्या खोलीसाठी हा पंखा मी पुन्हा घेणार नाही.

कोपरी, ठाणे
कुकरची शिटी होत नसेल तर आधी रबर बदलावे आणि ते त्याच कंपनीचे घ्यावे. स्वस्तातले रबर आमच्याकडे तीन महिन्यांत सैल पडले. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्हही मी वर्षातून एकदा बदलून घेते.

चरई, ठाणे
कादंबऱ्यांविषयी लिहितो. कमी तारे मिळालेल्या पुस्तकांचे अभिप्राय उघडून पाहिले, तर निम्म्या लोकांची तक्रार कोपरा दुमडल्याची किंवा पार्सल उशिरा आल्याची असते. लेखिकेने तीन वर्षे घालवून लिहिलेल्या कादंबरीला डाकेच्या दिरंगाईमुळे एक तारा मिळावा, हे मला फार अन्यायाचे वाटते. पार्सलची तक्रार विक्रेत्याकडे करावी आणि पुस्तकाविषयीचे मत पुस्तक वाचून द्यावे.

माझी स्वतःची तक्रार मात्र पुस्तकाच्या प्रतीविषयीच होती. मागवलेल्या कादंबरीत १६० व्या पानानंतर एकदम १७७ वे पान आले, म्हणजे सोळा पानांचा एक पूर्ण फर्मा बांधणीत सुटला होता. मी सावकाश वाचणारा माणूस असल्यामुळे तिथवर पोहोचेपर्यंत परत करण्याची दहा दिवसांची मुदत उलटली होती आणि विक्रेत्याने हात वर केले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. त्या नियमाचा उल्लेख करून मी पत्र लिहिले. पोच आली, पुस्तक आले नाही. शेवटी पान १६० आणि १७७ यांची छायाचित्रे मी थेट प्रकाशकांना पाठवली. त्यांनी आठवड्यात नवी प्रत पाठवली आणि जुनी परतही मागितली नाही.

तेव्हापासून नवी कादंबरी आधी मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचतो. १८९३ साली स्थापन झालेल्या या वाचनालयाचे सभासदत्व आमच्या घरात आजोबांपासून आहे. पुन्हा वाचावीशी वाटली तरच विकत घेतो, तीही दुकानात उभे राहून, प्रत्येक फर्म्याचे पहिले पान तपासून. मागच्या वर्षी अशा चार घेतल्या. त्यांतली एक पत्नीने माझ्या आधी दोनदा वाचली आहे, तेव्हा तिच्याविषयीचे मत तीच लिहील.