किशोरवयीन मुलींनी स्वतःबद्दल लिहिलेलं वाचताना : अनुभव धागा

तेरा ते एकोणीस या वयातल्या मुलींनी स्वतःबद्दल लिहिलेलं काही वाचलंय का? छापील, वहीतलं, शाळेच्या हस्तलिखितातलं, काहीही चालेल. 'वाचून डोळे पाणावले' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय मनात अडकलं ते लिहा. ओळखीतल्या मुलींची नावं-गावं मात्र नकोत. सुरुवात मी करते.

मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. पेशवाईत पुण्यातल्या गुलटेकडीच्या मैदानात आपल्या माणसांच्या शिराचा चेंडू करून खेळत, असं ती लिहिते. त्याच गुलटेकडीला आता मार्केट यार्ड आहे, मी भाजीला तिथेच जाते. पण मला त्याहून जास्त लागलं ते बाळंतिणींबद्दलचं. घरावर छप्पर नाही, थंडी-वारा-पावसात बाई बाळंत होते, तिचे काय हाल होत असतील! धर्मावरचा तिचा संताप सगळे सांगतात, या छपराबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

गवतीचहा : अ‍ॅन फ्रँकची डायरी, मी नववीत असताना वाचली. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेली ज्यू मुलगी. युद्धबिद्ध राहिलं बाजूला, आईशी तिचं पटत नाही हे वाचून मी जाम खूश झाले होते! पुढे कळलं की मार्च १९४४ मध्ये रेडिओवर एका डच मंत्र्याने युद्धानंतर लोकांची पत्रं-डायऱ्या गोळा करू असं सांगितलं, आणि ही पोरगी आपलीच डायरी पुन्हा लिहायला बसली. काटछाट केली, टोपणनावं ठरवली. लोक तिला निरागस म्हणतात तेव्हा मला रागच येतो. चांगली मुरलेली लेखिका होती ती. १९४७ च्या पहिल्या आवृत्तीत वडिलांनी आईबद्दलचा आणि शरीराबद्दलचा काही मजकूर गाळला, तेही मला खटकतं.

जुना_वाचक : गवतीचहा, बायको आणि दोन्ही मुली छळछावणीत गेलेल्या माणसाने बायकोची उणीदुणी छापायची? मी तरी छापली नसती.

गवतीचहा : मान्य. तरी खटकतं.

मास्तरीण_बीड : आमच्याकडची पोरं दिवाळीच्या सुमारास आईबापासोबत ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल (आगाऊ पैसे) त्यावरच मिळते. पोरींची लग्नं लवकर उरकण्यामागे हेही एक कारण असतं. परत आल्यावर मी त्यांना 'तिकडचं' लिहायला सांगते. आठवीतल्या एकीने लिहिलं होतं : आईबाप पहाटे अंधारात फडावर जातात, मग धाकट्याला काखेत घेऊन पाणी भरायचं, कोपीपुढं (झोपडीपुढं) भाकरी थापायच्या, रानात कुत्री आली तर हाकलायची. हे सगळं चार ओळींत. आणि पुढे अख्खं पान कशावर, तर ती नसताना तिची पहिल्या बाकावरची जागा दुसरीला दिली यावर! अक्षर इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर उमटलं होतं. मी आधी जागा परत दिली, मग वही तपासली.

तिरपी_रेघ : निबंधस्पर्धेची परीक्षक होते. सगळ्यांची आई 'वात्सल्यसिंधू', कारण फळ्यावर तेच लिहून दिलेलं. एकीची आई तेवढी चिडकी निघाली. कंपनीतून रात्रपाळी करून येते, दिवसा झोपते, आणि कुकरची शिट्टी झाली की लेकीवर ओरडते. मी तिला पहिला नंबर दिला. बाकीचे परीक्षक म्हणाले, आईबद्दल असं लिहितात का? शेवटी उत्तेजनार्थ मिळालं.

जुना_वाचक : मास्तरीणबाई, पोरी इतकं मोकळं लिहितात कशा? आमच्या शाळेत 'मी पाहिलेली जत्रा'च्या पुढे गाडी जात नाही.

मास्तरीण_बीड : दादा, त्या तासाला मी शुद्धलेखन तपासत नाही. 'पानी', 'मव्हरं' जसं येईल तसं राहू देते. आणि वर्गात मोठ्याने वाचायचं की नाही, ते जिची वही तिने ठरवायचं. बऱ्याचजणी नाहीच म्हणतात. साहेब तपासणीला आले की वही मागतात, तेव्हा मी जत्रेवालीच पुढे करते.