हाडांचं रजिस्टर ऑनलाइन टाकायचंय, पण काय उघडं ठेवू?

गोदाकाठची
एम.ए.च्या प्रबंधासाठी पैठण तालुक्यातल्या एका जुन्या उत्खननाचं हस्तलिखित रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवतेय. बहुतेक दफनं तान्ह्या लेकरांची. घराच्या जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. इनामगाव, नेवाशाच्या तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांत सापडले तसेच. सर म्हणतात, फोटो आणि अक्षांश-रेखांशासकट सगळं खुलं कर.

दिवाळीत आजीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "लेकराला असं उघडं टाकू नये बाई. आपल्यात बी लेकरू जाळीत न्हाईत, पुरतेत." तेव्हापासून हात अडखळतोय.

आणि एक वैताग. वय ३-५ (महिने) लिहिलं की एक्सेल त्याची ३ मे करतं! चाळीस ओळी झाल्यावर लक्षात आलं.

माळवदकर
आधी ३ मे चं बघू. किमान वय, कमाल वय असे दोन रकाने करा. वय दातांवरून काढलंय की लांब हाडांवरून, तेही लिहा. उपाशी लेकराचं हाड खुजं राहतं, मग वय कमी निघतं. फाइल सीएसव्हीत (कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडणारा साधा तक्ता) ठेवा आणि मूळ पानांचे स्कॅन सोबत जोडा.

रिकामा रकाना मात्र सोडू नका. इनामगावात मोठ्या माणसांना घोट्याखाली पाय तोडून पुरलंय. तुमच्याकडे 'पाय' रकाना कोरा दिसला तर वाचणाऱ्याने काय समजायचं? तोडले, झिजून गेले, की लिहिणाऱ्याने बघितलंच नाही? तिन्हींना वेगळे शब्द द्या.

पांढरीवरचा
अक्षांश-रेखांश अजिबात नको. आमच्या गावची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती, आज्या-पणज्यांनी माळवदावर टाकायला नेली, त्याचं काही वाटत नाही. आता गुप्तधनवाले रात्री येतेत, मशीन घेऊन. तालुका लिहा, बास. अभ्यासकाला नेमकी जागा पाहिजे असंल तर तो अर्ज करील.

जुना विद्यार्थी
पांढरीवरच्यांचं पटलं, पण सगळंच कुलपात घालू नका. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन ठिकाणच्या हाडांच्या साठाहून जास्त नमुन्यांपैकी एकाच व्यक्तीचा जनुकीय आराखडा हाती लागला, तो २०१९ साली छापून आला. असा नमुना घ्यायला हाड कोरलं की कोरलं, परत भरून येत नाही. मापं, निदानं, चाचण्या खुल्या असल्या तर पुढच्याला पुन्हा कोरावं लागत नाही.

संशोधनाचा डेटा कसा ठेवावा याची २०१६ ची 'फेअर' तत्त्वं सांगतात, डेटा सापडावा आणि वापरता यावा. २०१९ ची 'केअर' विचारतात, कुणाच्या भल्यासाठी. ती मूळनिवासी समाजांसाठी लिहिलेली आहेत, आणि तुमचं गाव त्या लेकरांचं वारस आहे असं काही सिद्ध होत नाही. तरी विचारायला काय जातं? फोटो मागणाऱ्यालाच द्या, तक्ता सगळ्यांना. आणि दोन पानं साध्या मराठीत लिहा हो. गावातल्या माणसाला इंग्रजी रकाने खुले काय नि बंद काय!

गोदाकाठची
मराठी पानं काल फोनवर आजीला वाचून दाखवली. फोटो नाहीत म्हटल्यावर तिला बरं वाटलं. मग विचारते, "आता कुठंय ते लेकरू?"

रजिस्टरात तो रकानाच नाही. कुठल्या कपाटात, कुठल्या खोक्यात, काहीच नाही. सोमवारी भांडारात जाऊन खोकी मोजते.