जेवणाची सुट्टी जेवणासाठीच राहू द्या

काही जण म्हणतात की ऑफिसात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ठेवलेलं ट्रेनिंग ऐच्छिक असतं, ज्याला नको त्याने जाऊ नये. पण मॅनेजर स्वतः तिथे बसलेला असतो, कोण आलं नाही ते त्याला दिसतं. अप्रेझलच्या, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाच्या, तोंडावर नाही कोण म्हणेल?

महाराष्ट्राच्या 2017 च्या मूळ दुकाने व आस्थापना कायद्याने सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं घालून दिलं. कारखान्यांसाठी 1948 च्या कायद्यातही हेच होतं. तो अर्धा तास कामगाराचा आहे. बदलापूर-विरारहून लोकलमध्ये उभ्याने आलेल्या माणसाला दिवसभरात निवांत टेकायला तेवढाच वेळ मिळतो. डबेवाल्याने वेळेवर पोचवलेला डबा स्क्रीनकडे बघत गार करायचा? मधुमेह असलेल्यांचे तर जास्तच हाल. (आणि घास तोंडात असताना एक्सेलचे फॉर्म्युले डोक्यात शिरत नाहीत.)

शिकायला कोणाचीच ना नाही. सकाळी अर्धा तास घ्या, तो कामाच्या वेळेत धरा. आमची टीम सगळ्यांच्या सह्यांनिशी एचआरला हीच मागणी करणारं पत्र देतेय. तुमच्याकडे कोणी दिलं असेल तर मजकूर इथे टाका.