पोल व्हॉल्ट आणि कॉलेज भरती: डिव्हिजन बघायची की कोच?

आडवा_बार

अमेरिकेतल्या आपल्या घरांत मुलगा किंवा मुलगी हायस्कूलला बांबूउडी मारायला लागली की लगेच विचारणा सुरू होते, "डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात) लागेल ना?" माझ्या मते आधी विचारायचं ते हे: तिथे व्हॉल्ट शिकवतं कोण? स्प्रिंटचा कोच 'व्हॉल्टही बघतो' असं असेल तर नाव कितीही मोठं असो, चार वर्षं वाया जाऊ शकतात.

टोकियो ऑलिंपिकची सुवर्णविजेती केटी मून डेटन सोडून ॲशलंड या डिव्हिजन टू कॉलेजात गेली. २०१२ ची सुवर्णविजेती जेन सुर रॉबर्ट्स वेस्लियन या छोट्या कॉलेजची. क्रिस निल्सन साउथ डकोटाला गेला, आणि २०१९ च्या एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) फायनलमध्ये ५.९५ मी. मारून लुइझियाना स्टेटच्या (एलएसयू) डुप्लांटिसला, म्हणजे आजच्या विश्वविक्रमवीराला, हरवलं.

कोच पारखायची रीत सोपी आहे. टीएफआरआरएस या कॉलेज ट्रॅकच्या निकालांच्या साइटवर त्या संघाचे गेल्या चार-पाच वर्षांतले व्हॉल्टर काढा. पहिल्या वर्षीची उंची आणि तिसऱ्या वर्षीची उंची शेजारी लिहा. चौघांपैकी तिघे जागच्या जागी असतील तर कॅम्पस कितीही देखणा असो, पुढचं कॉलेज बघा.

पाच_मीटर

असहमत. ऑलिंपिकवाल्यांची उदाहरणं देऊन १४ फुटांच्या पोराला दिशा मिळत नाही. छोट्या कॉलेजात गेलेले आणि कुठेच न पोचलेले कितीतरी असतात, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात एवढंच.

आता भरतीचं गणितही बदललंय. खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर, २०२५-२६ पासून, त्यात सामील झालेल्या डिव्हिजन वन कॉलेजांत स्कॉलरशिपची जुनी मर्यादा (पुरुष १२.६, महिला १८) गेली आणि ट्रॅक संघाला ४५ जणांची मर्यादा आली. त्या ४५ मध्ये स्प्रिंट, लांब पल्ला, फेकी, उड्या, सगळं. व्हॉल्टच्या वाट्याला दोन-चार जागा. पूर्वी १५ फुटांचा मुलगा बिनपैशांचा का होईना, संघात राहायचा. तीच जागा आधी जाते.

म्हणून कोचला दिसतो तो आकडा. कॉन्फरन्स (कॉलेजांचा साखळी गट) स्पर्धेत पहिल्या आठांना गुण मिळतात, १०-८-६-५-४-३-२-१. गेल्या वर्षीच्या आठव्या क्रमांकाची उंची काढा. तुमचा मुलगा तिथून फूटभराच्या आत असेल तर ईमेल करा. दोन फूट खाली असेल तर कोच कितीही चांगला असू दे, उत्तर येणार नाही.

पौंड_आणि_फ्लेक्स

आठव्या क्रमांकाची युक्ती बरोबर. पण 'आकडा म्हणजे सगळं' हे अर्धसत्य. व्हॉल्टच्या कोचला आकड्यामागचा पोल कळला पाहिजे. ईमेलच्या पहिल्या तीन ओळींत हे हवं: सर्वोत्तम उंची व स्पर्धा, शरीराचं वजन, पोलची लांबी-पौंड-फ्लेक्स (पोल किती वजनाच्या माणसासाठी आणि किती वाकतो ते), वरच्या हाताची ग्रिप (पोलच्या खालच्या टोकापासून किती उंचीवर धरतो), किती पावलांचा रनअप, स्टँडर्ड (बारचे खांब) किती मागे, १०० मी. ची वेळ.

का, ते बघा. दोघंही १५ फूट (४.५७ मी.) मारतात. एकाची ग्रिप १३ फूट, दुसऱ्याची १४ फूट ३ इंच. पोल टेकवायचा खड्डा, म्हणजे बॉक्स, ८ इंच खोल, तेवढे वजा. पहिला ग्रिपच्या वर २ फूट ८ इंच गेला, दुसरा १ फूट ५ इंच. तोच बार, पण व्हॉल्टर अगदी वेगळे. पहिल्याचं उलटं होणं आणि पुश-ऑफ तयार आहे, ग्रिप वर सरकवली की उंची वाढेल.

वजनही लपवू नका. हायस्कूलच्या नियमात पोलवरचे पौंड शरीराच्या वजनाइतके किंवा जास्त लागतात. ११वी-१२वीच्या मधे पोरगं १० पौंडांनी भरलं की कालचे पोल आज बेकायदेशीर! मग जड पोल वाकत नाही, उडी पिटमध्ये (बारमागच्या गादीवर) पोचत नाही आणि उंची वर्षभर अडते. कॉलेजात हा नियम नाही. कोचला ते माहीत असतं, पण वजनाचा आकडाच दिला नाही तर तो 'प्रगती थांबली' एवढंच वाचणार.

पाच_मीटर

तुमच्या उदाहरणात मी दुसरा मुलगा घेईन. १४-३ ची ग्रिप पोल उभा करून पिटात नेते म्हणजे रनवेवर वेग आहे. उलटं होणं दोन हिवाळ्यांत रिंग आणि दोरावर शिकवता येतं. पहिला १३ फुटांवरच का अडकलाय? बहुतेक हळू धावतो म्हणून. वेग शिकवणं फार अवघड.

पौंड_आणि_फ्लेक्स

'बहुतेक' वर निवड करायची नाही म्हणून तर १०० मी. ची वेळ मागितली, आणि व्हिडिओही हवा. पहिला जर डाव्या पायाने फूटभर पुढे घुसून उडत असेल (वरच्या हाताच्या बरोबर खाली पाय हवा) तर वेग असूनही ग्रिप वर जात नाही. ती चूक धावण्याची नाही, रनअप मोजण्याची आहे. मधली खूण पकडून सुरुवात मागे घेतली की सुटू शकते.

म्हणून व्हिडिओ बाजूने, रनवेला काटकोनात, इतक्या लांबून काढा की शेवटची सहा पावलं आणि बार दोन्ही दिसतील. नेहमीचा वेग, खराखुरा बार. दोरीचा इलॅस्टिक बार नको. टेक-ऑफपासून सुरू होणारा, संगीत लावलेला तुकडा पाठवला तर कोचला हवं ते नेमकं त्यात नसतं.

दहा_प्रकार

मुलांसाठी एक दार तुम्ही सगळ्यांनीच सोडलं. डेकॅथलॉनमध्ये बांबूउडी आहे, इनडोअर हेप्टॅथलॉनमध्येही आहे. ४५ च्या मर्यादेत दहा प्रकार करणारा एक माणूस कोचला परवडतो. १४ फूट ६ इंच मारणारा, हर्डल्स आणि लांब उडी ठीक असणारा मुलगा शुद्ध व्हॉल्टर म्हणून नाकारला जाईल, डेकॅथलीट म्हणून घेतला जाईल. मुलींच्या हेप्टॅथलॉनमध्ये व्हॉल्ट नाही, त्यांना हा मार्ग नाही.

पैशांचं म्हणाल तर डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळाची स्कॉलरशिपच नसते. डिव्हिजन थ्रीत मदतीसाठी मार्क्स आणि घरचं उत्पन्न बघतात, आयव्हीत फक्त घरचं उत्पन्न.

आडवा_बार

@पाच_मीटर, ४५ चा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूने जातो. मोठ्या संघातून पहिल्या वर्षीच वगळलं जायची शक्यता वाढली, मग शिकवणारा कोच असलेलं छोटं कॉलेज जास्त सुरक्षित नाही का? आणि सगळी कॉलेजं तडजोडीत सामील नाहीत, तेही फोनवर विचारा.

सोबत आणखी तीन प्रश्न: थंडीत पिट आत आहे का? १४ ते १६ फुटांचे पोल पाच-पाच पौंडांच्या अंतराने आहेत का, की मधे २० पौंडांची दरी आहे? व्हॉल्टचा कोच पूर्णवेळ आहे की स्वयंसेवक? दरी असेल तर वसंतात एक पोल मऊ आणि पुढचा फार कडक, असं होऊन मुलगा बारखालून जात राहतो.

डिव्हिजन वनचे कोच १०वी संपल्यावर १५ जूनपासून फोन-मेसेज करू शकतात. त्याआधी उत्तर नाही आलं तर नाराजी नको, संघाच्या साइटवरचा फॉर्म मात्र भरून ठेवा.

पाच_मीटर

पोलच्या दरीचा प्रश्न चांगला, तो मीही यादीत घेतला. बाकी मुलगा १७ फुटांचा असेल तर माझं मत तेच: मोठा संघ, रोज सरावाला आपल्यापेक्षा उंच मारणारे दोघंतिघं.