ब्लेंड टूल दाबलं की ऑप आर्ट झालं?

तिरपी_रेघ
'शाळेत चित्रकला हवी का' या धाग्यावर काल एका सद्गृहस्थांनी लिहिलं: "ब्रिजेट रायलीने जे हाताने केलं ते आज कुठलाही डीटीपीवाला ब्लेंड टूल दाबून दोन मिनिटांत करतो. त्याला चित्र म्हणू नये, फार तर बाथरूमच्या टाइल्सचं डिझाइन म्हणावं." तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

रायली म्हणजे ऑप आर्टवाली ब्रिटिश चित्रकार; ऑप आर्ट म्हणजे साध्या भूमितीय आकारांनी डोळ्याला चकवणारी चित्रं. करून दाखवा ना दोन मिनिटांत! तिचं १९६१ सालचं 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' घ्या. काळे-पांढरे चौकोन, उंची सगळ्यांची सारखी. रुंदी उजवीकडे जाताना घटत घटत एका जागी पार चिरडते आणि पुन्हा वाढते. सपाट चित्र त्या जागी आत दुमडल्यासारखं दिसतं. आता कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रुंद आणि एक चिंचोळा काळा चौकोन काढा, मध्ये वीस स्टेप्सचा ब्लेंड लावा, म्हणजे मधले आकार सॉफ्टवेअरच भरतं. काय मिळतं? काळे चौकोन आकसतात, पण त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर तेवढंच राहतं, म्हणजे पांढरी जागा उलट वाढत जाते. दुमड राहिली बाजूला, एका टोकाकडे फिकट होत गेलेला पट्टा हातात येतो. दुमड हवी तर काळं-पांढरं दोन्ही सोबत आवळलं पाहिजे, तेही आधी हळू आणि शेवटी झपाट्याने. ॲक्सिलरेशनचा स्लायडर आहे, पण तो कुठे थांबवायचा ते सॉफ्टवेअर सांगत नाही. मी तर ब्लेंडच्या वाटेलाच जात नाही. रुंदीचे आकडे आधी वहीत मांडतो, मग चौकोन काढतो.

आणि 'हाताने'चं एवढं कौतुक असेल तर हेही ऐका. रायलीची मोठी चित्रं वर्षानुवर्षं तिचे सहाय्यक रंगवत आले. ती कागदावर अभ्यासचित्रं करते, मापं आणि रंग ठरवते. मग चित्र कोणाचं, ब्रश धरणाऱ्याचं?

जीडी_मास्तर
ते सद्गृहस्थ मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं, आम्ही काही चावत नाही.

सहाय्यकांचा मुद्दा फसवा आहे. सहाय्यक ठेवण्याआधी त्या बाईंनी स्वतः किती रेघा मारल्या असतील? तुमच्या आजच्या पोरांचं तसं आहे का? माझ्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणारी मुलं येतात. भूमितीच्या पेपरला कंपास धरता येत नाही, पेन्सिलीला टोक नाही, आणि वर्गात विचारतात, "सर, हे मोबाइलवर नाही का होत?" मागे एकाने संकल्पचित्रात भोवरा आणला, कुठूनतरी प्रिंट मारून वरून गिरवलेला. मी विचारलं, हा भोवरा आहे की वर्तुळं? त्याला सांगता येईना. फ्रेझर नावाच्या संशोधकाने १९०८ साली दाखवलेला दृष्टिभ्रम आहे हा: सगळी वर्तुळंच आहेत, पिळाच्या दोरीसारख्या तुकड्यांमुळे भोवरा वाटतो. पोराने कंपासने एक जरी वर्तुळ काढलं असतं तरी त्याला कळलं असतं.

आणि शिकवणार कोण? शाळांमध्ये कलाशिक्षकाची जागा रिकामी झाली की ती भरतच नाहीत. पीटीच्या सरांना चित्रकलेचा तास देतात. त्यावर कोणी धागा काढणार नाही.

कोरलकाका
"कुठलाही डीटीपीवाला" म्हणजे काय हो मास्तर? नारायण पेठेतल्या गाळ्यात बसून आम्ही लग्नपत्रिका करतो म्हणून आम्हाला डोळे नाहीत?

ब्लेंड सोडा, खरी गंमत कंट्रोल-एलमध्ये आहे. उभ्या काळ्या पट्ट्या काढा, वर काळं वर्तुळ ठेवा, सगळं सिलेक्ट करून कंबाइन. जिथे दोन काळे एकावर एक येतात तिथे पांढरं होतं. वर्तुळाच्या आत पट्ट्या उलट्या होतात आणि गोळा कागदावर तरंगायला लागतो. हे करायला खरंच दोन मिनिटं लागतात, तेवढं मास्तरांचं बरोबर. पण त्यानंतर गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "हेच जरा मोठं करा, फ्लेक्सला." तुम्ही खेचून मोठं करता, आणि आउटलाइनला 'स्केल विथ ऑब्जेक्ट'ची टिक नसेल तर रेघा तेवढ्याच बारीक राहून सगळा भ्रम उडतो. म्हणून आधी कंट्रोल-शिफ्ट-क्यू मारून रेघेचा ऑब्जेक्ट करून घ्यावा. हे कुठल्या ग्रेड परीक्षेत शिकवतात?

बाकी गिऱ्हाईक हा वेगळ्या धाग्याचा विषय. व्हॉट्सॲपवरून आलेला जेपेग आणि 'असंच फिरणारं व्हिजिटिंग कार्ड करा'. असो.

मुक्तस्रोत
काका, एक विचारू? कोरल विकत घेतलेलं आहे, की सीडीवाल्याने दिलेलं?

विचारायचं कारण आहे. १९६५ साली न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात 'द रिस्पॉन्सिव्ह आय' प्रदर्शन भरलं तेव्हा रायलीच्या चित्रांवरून बेतलेले कपडे तिथल्या दुकानांत लागले होते आणि ती भयंकर संतापली होती. तिच्या हक्कांसाठी गळा काढायचा आणि स्वतः क्रॅक वापरायचं, हे कसं चालतं? कोरलसारखंच काम करणारं इंकस्केप २००३ पासून आहे. फुकट आहे, मराठी युनिकोड नीट दिसतं. टाइल्ड क्लोन्समध्ये दर रांगेला किती सरकायचं, किती आकसायचं ते टक्क्यांत आणि किती फिरायचं ते अंशांत टाका, अख्खी जाळी तयार. तुमचं कंबाइनसुद्धा आहे.

कोरलकाका
माझं कोरल कसलं आहे ते मी तुम्हाला का सांगू? आयकर खात्यात आहात का?

आणि फुकट असून उपयोग काय! इंकस्केपची फाइल आली की आमची झोप उडते. काळा रंग आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनचा. छपाईला तो चार शाईंत फुटतो. रजिस्ट्रेशन, म्हणजे शाईंची जुळणी, केसभर हललं की प्रत्येक काळ्या पट्टीला गुलाबी-निळी किनार. ऑप आर्टमध्ये कडच मेली तर उरलं काय? काळा फक्त के-शंभर हवा, म्हणजे काळी शाई शंभर टक्के, बाकी तीन शाया शून्य. शिवाय पत्रिकेचा मजकूर जुन्या फाँटमध्ये असतो, तो तुमच्या युनिकोडवाल्याकडे गेला की कावळा-चिमणी छापून येते. तीस वर्षांच्या फायली कोण बदलून देणार, तुम्ही?

मुक्तस्रोत
जुने फाँट टाकून द्या, बदला. लोक अजून त्यातच अडकलेत म्हणून तर मराठी मागे आहे. आणि काळ्याचं म्हणाल तर फाइल स्क्रायबस या फुकट डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये घेऊन रंग बदलता येतो. माहीत नसेल तर विचारावं.

कोरलकाका
म्हणजे एका कामाला दोन सॉफ्टवेअर. बाहेर लग्नाचा मुहूर्त थांबलाय, आणि मी स्क्रायबस शिकतो. ह.घ्या.

मुक्तस्रोत
हलकं घेण्यासारखं राहिलेलं नाही. तुमच्यासारखे लोक चोरीचा माल वापरतात म्हणूनच

मुक्तस्रोत
प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

डोळस
भांडण झालं असेल तर एक विनंती. ही चित्रं धाग्यात डकवू नका, दुवा द्या. मला मायग्रेन आहे. जोरदार काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी कित्येकांना त्रास होतो, माझा तर अख्खा दिवस जातो. गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीने मखराच्या मागे असलाच पडदा लावला होता. आरतीला मी डोळे मिटून उभी, आणि सगळ्यांना वाटलं केवढी भक्ती!

गणितवाली
डोळस, दुवेच देईन.

मास्तर, तुमचा फ्रेझर तुमच्याच विरोधात जातो. वर्तुळं आहेत हे कंपासने कळतं, मान्य. पण भ्रम कशामुळे होतो ते कळायला एकेक गोष्ट बदलून पाहावी लागते, आणि तिथे व्हेक्टरला, म्हणजे कोरल-इंकस्केपमधल्या हव्या तशा बदलता येणाऱ्या रेघांना, तोड नाही. कॅफे वॉल घ्या. ब्रिस्टलच्या एका कॅफेच्या भिंतीवरच्या टाइल्स, रिचर्ड ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड यांनी १९७९ मध्ये त्यावर लिहिलं. काळ्या-पांढऱ्या विटा, दर ओळ थोडी सरकलेली, मधल्या रेघा समांतर असून तिरक्या दिसतात. मुलांना करायला दिलं की निम्म्यांचा भ्रम होतच नाही, कारण मधली रेघ काळी ठेवतात. ती बारीक आणि करडी हवी, दोन्ही विटांच्या मधल्या उजेडाची. इंकस्केपमध्ये सगळ्या रेघा एकदम निवडून राखाडी फिकट-गडद करत जा, तिरकेपणा येताना-जाताना समोर दिसतो. पोस्टर कलरने किती भिंती रंगवणार?

किंवा हर्मानची जाळी. काळ्या चौकोनांमधल्या पांढऱ्या रेघांच्या चौकांत करडे ठिपके दिसतात ती, १८७० ची. यानोश गायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की रेघा किंचित नागमोडी केल्या की ठिपके गायब. वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलेलं स्पष्टीकरण त्याने अडचणीत आलं. रेघ वाकवायच्या नोड टूलने हे शाळकरी पोरगं करू शकतं.

रच्याकने (जाता जाता), काका, तुमच्या 'फिरणाऱ्या' कार्डाचं गिऱ्हाईक बहुतेक किताओका या जपानी संशोधकाचे २००३ चे, स्थिर असून फिरताना दिसणारे साप पाहून आलं असणार. त्यात क्रम महत्त्वाचा: काळा, गडद, पांढरा, फिकट. उलटा लावला की चाक उलटं फिरतं. एका जागी टक लावली की थांबतं. काही जणांना फिरताना दिसतच नाही, त्यामुळे पैसे आधी घ्या.

जीडी_मास्तर
गणितवाली, चांगलं लिहिता. तुमच्या शाळेत कॉम्प्युटर लॅब आहे, त्यात वीजही असते, याबद्दल अभिनंदन.

ब्लेंडने रायली होत नाही, हे तिरपी रेघ यांचं म्हणणं मी रात्री लेकाच्या लॅपटॉपवर तपासलं. नाही होत. झालं समाधान? 'टाइल्सचं डिझाइन' हे शब्द मागे घेतो, कारण मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे टाइल्सदेखील भारी असतात. पण करडी रेघ किती करडी हे ज्याने पाण्यात काळा रंग थेंबाथेंबाने मिसळलाय त्याला लवकर दिसतं, एवढं माझं म्हणणं राहतंच. तिरपी रेघ, तुम्हीच लिहिलंत की तुम्ही आकडे आधी वहीत मांडता. कशाने मांडता, माउसने?

तिरपी_रेघ
वहीत पेनने, आणि कॅल्क्युलेटरने. कंपास नाही लागत.

कोरलकाका
गणितवाली ताई, तो क्रम लिहून घेतला. के-शंभर, के-सत्तर, शून्य, के-तीस ठेवतो, म्हणजे एकाच शाईत काम भागेल. मुक्तस्रोत साहेब, तुमची जाळी पाठवा, पुढच्या लॉटला कार्डाच्या मागच्या बाजूला छापून देतो. पीडीएफ पाठवा, एसव्हीजी नको. आणि पैसे आधी.