भुर्जी नव्हे, पाव सोडा

मधुमेह निघाल्यावर तुम्ही भुर्जीच बंद केलीत हे वाचून वाईट वाटलं. एका अंड्यात कर्बोदकं जेमतेम अर्धा ग्रॅम, प्रथिनं 6 ग्रॅम. साखर चढते ती सोबतच्या दोन-तीन पावांनी. आईला मी दोन अंड्यांच्या भुर्जीत कांदा-टोमॅटोबरोबर मूठभर मेथी घालून देते, जोडीला अर्धी ज्वारीची भाकरी. आधी काकडी, मग भुर्जी, भाकरी शेवटी, या क्रमाने ती जेवली की 2 तासांनंतरचा आकडा खरंच कमी येतो, घरच्या ग्लुकोमीटरवर पाहिलंय. अंडाकरीत बटाटा मात्र नको. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता पाव-भाकरी एकदम बंद करू नका, साखर फार खाली जाऊ शकते.