सरकीचं तेल विसरलात का?

जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांबद्दल बोलताना 'आपल्या ताटात जीएम अजून आलंच नाही' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. २००२ पासून आपल्याकडे बीटी कापूस आहे, म्हणजे अळी मारणारं प्रथिन बनवणारा एका जिवाणूचा जनुक घातलेला कापूस. त्याच सरकीचं तेल फरसाणात जातं, पेंड गाई-म्हशी खातात. (रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही, हा भाग वेगळा.)

'अळी मरते, मग माणसाचं काय' हा मुद्दाही लंगडा वाटतो. बीटीचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात, ठरावीक रिसेप्टरला (पेशींवरच्या खास जागेला) चिकटून काम करतं. आपल्या जठरात आम्ल, आणि ते रिसेप्टरही आपल्याकडे नाहीत.

जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी वांग्याला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. तोच जनुक घातलेली वांगी बांगलादेशात २०१४ पासून शेतात आहेत. आपल्याकडे शेंडा आणि फळं पोखरणाऱ्या अळीसाठी साध्या वांग्यावर पुन्हापुन्हा फवारे बसतात. भरली वांगी करताना आपण अळी शोधतो, फवाऱ्यांचा हिशेब कोण विचारतं?

माझी धास्ती पोटाची नाही, शेताची आहे. शेंदरी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ मध्ये विदर्भात बोंडंच्या बोंडं पोखरली गेली. वांग्यातली अळी सरावणार नाही कशावरून?